दातांवरचे कीटण: ते कसे चढते आणि चढू नये म्हणून काय करावे

रात्रीचे जेवण झाल्यावर, दात घासण्यापूर्वी, आरशासमोर उभे राहावे आणि खालच्या पटाशीच्या दातांच्या आतल्या बाजूला, दात जिथे हिरडीला टेकतो त्या रेषेवर, लाकडी टूथपिकचे टोक अगदी हलक्या हाताने फिरवून पाहावे. टोकावर पांढरट-पिवळसर, सायीसारखा मऊ लगदा आला तर तो प्लाक होय. टोक एखाद्या खडबडीत आणि जागची न हलणाऱ्या कडेला अडखळले, तर ते कीटण. दंतवैद्य त्याला टार्टर किंवा कॅल्क्युलस म्हणतात. मऊ लगदा रोज काढून टाकणे पूर्णपणे आपल्या हातात असते, कठीण झालेले कीटण मात्र घरी कोणत्याही उपायाने निघत नाही, आणि आज राहून गेलेल्या लगद्याचेच उद्या-परवा कीटण होते. म्हणून ही तपासणी प्रत्येकाने एकदा तरी स्वतः करावी, असे मी आग्रहाने सांगतो.

प्लाक म्हणजे दातांत अडकलेले अन्न, असा समज घरोघरी आढळतो, आणि त्यामुळेच जेवणानंतर खळखळून चूळ भरली की दात स्वच्छ झाले असे वाटते. वास्तविक प्लाक हा जिवंत जंतूंचा थर आहे. दात घासून झाल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा दातांवर बसतो. तो स्वतः अपायकारक नसतो. परंतु त्याला धरून तोंडातले जंतू, आधी स्ट्रेप्टोकोकस जातीचे आणि पुढे इतर अनेक प्रकारचे, चिकटू लागतात, वाढतात आणि स्वतःभोवती चिकट पदार्थाचे आवरण तयार करतात. माठ रोज नुसता विसळून भरत राहिले तर आठवड्याभरात तो आतून बुळबुळीत लागतो आणि हात घालून घासल्याशिवाय ती बुळबुळ जात नाही, हे आपण सर्व जण जाणतो. दातांवरचा थर त्याच जातीचा आहे. चूळ भरल्याने वरवरचे अन्नकण वाहून जातात, थर तसाच राहतो.

हा थर प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवणारा माणूस म्हणजे हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी अँटनी व्हॅन लीवेनहोक. सप्टेंबर 1683 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात त्याने लिहिले आहे की, तो रोज सकाळी मिठाने दात चोळत असे आणि दात कोरून, कापडाने पुसून साफ करत असे, तरीही दातांच्या फटींत भिजवलेल्या पिठासारखा पांढरा पदार्थ उरत होता, आणि त्यात असंख्य सूक्ष्म जीव हालचाल करत होते. व्हिनेगरने चूळ भरून पाहिल्यावर दातांवरच्या थरातले जीव मात्र जिवंतच राहिले, हेही त्याच्या ध्यानात आले होते. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजही तंतोतंत लागू पडते: औषधी पाणी थराच्या आतपर्यंत पोहोचत नाही आणि नेहमीच्या घासण्यातून फटी सुटतात.

थर राहिला तर काय होते

या थरातून दोन वेगवेगळ्या प्रकारचे नुकसान होते. त्यातले पहिले सर्वांना ठाऊक असते. थरातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, गोड खाल्ल्यानंतर पाच-दहा मिनिटांतच दातांवरची आम्लता इतकी वाढते की तिचा पीएच (आम्लता मोजण्याचा आकडा; आम्लता वाढते तसा तो कमी होतो) साधारण 5.5 च्या खाली जातो, आणि त्या पातळीखाली दाताच्या कवचातले क्षार विरघळू लागतात. लाळेमुळे ही आम्लता पुन्हा कमी होण्यास अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे दातांच्या दृष्टीने साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा खाल्ली हे अधिक महत्त्वाचे ठरते. पुरणपोळी जेवणाबरोबर एकदाच पोटभर खाणाऱ्यापेक्षा, कार्यालयात बसून दर तासाला गोड चहाचे दोन घोट घेणाऱ्याच्या दातांना जास्त झीज सोसावी लागते.

दुसरे नुकसान हिरड्यांचे असते आणि ते मुकाट्याने होते. डेन्मार्कमधील आऱ्हूस येथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत निर्णायक मानला जातो. निरोगी हिरड्या असलेल्या 12 जणांनी दात घासणे पूर्ण बंद केले. 10 ते 21 दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासण्यास सुरुवात करताच साधारण आठवड्याभरात सूज उतरली. हिरडीतून रक्त येण्याचे कारण बहुतेक वेळा ‘उष्णता’ किंवा जीवनसत्त्वाची कमतरता नसून तिथे साचलेला थर असतो, आणि सुरुवातीच्या अवस्थेत तो काढला की हिरडी पूर्ववत होते, एवढे या प्रयोगातून स्पष्ट झाले. दुर्दैवाने रक्त दिसले की बहुतेक माणसे त्या जागी ब्रश लावणेच थांबवतात, मग थर वाढतो, सूज वाढते आणि रक्त आणखी येते. रक्त येणारी जागा हळुवारपणे, पण अधिक लक्षपूर्वक घासावी. आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही तर मात्र दंतवैद्याकडे जावे.

सूज अनेक महिने, वर्षे तशीच राहिली तर काही जणांत ती खोलवर उतरते, हिरडी दातापासून सुटते, मधे फट तयार होते आणि जबड्याचे हाड झिजू लागते. लोक ज्याला पायरिया म्हणतात तो हाच आजार. झिजलेले हाड आपोआप परत भरून येत नाही.

मऊ थराचा दगड कसा बनतो

लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट हे क्षार विरघळलेल्या स्वरूपात असतात. दात दुरुस्त ठेवण्यासाठी ते आवश्यकच आहेत. परंतु तेच क्षार जागच्या जागी राहिलेल्या प्लाकमध्ये बसू लागतात आणि थर कडक होत जातो. काही जणांत ही क्रिया थर जमल्यापासून काही तासांतच सुरू होते. ज्यांना कीटण लवकर चढते त्यांच्यात दोन दिवसांत थर निम्म्याच्या आसपास आणि बारा दिवसांत 60 ते 90 टक्के क्षारमय होऊ शकतो. एकाच घरात, एकाच पेस्टने दात घासणाऱ्या दोन भावंडांपैकी एकाच्या दातांवर कीटण दाट आणि दुसऱ्याच्या जवळपास नसावे, हा फरक बऱ्याच अंशी लाळेतल्या क्षारांमुळे पडतो. ज्याला जास्त चढते त्याने स्वतःला अस्वच्छ समजण्याचे कारण नाही, पण त्याला अधिक काळजी घ्यावी लागेल हे खरे.

कीटण सर्वात आधी कुठे दिसते हेही लाळेवरूनच ठरते. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडे खालच्या पटाशीच्या दातांमागे उघडतात आणि कानाजवळच्या मोठ्या ग्रंथीची नळी वरच्या दाढांसमोर, गालाच्या आतल्या बाजूला उघडते. म्हणून खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू या दोन जागी कीटण सर्वाधिक जमते. हिरडीच्या वरचे कीटण पिवळट-पांढरे असते आणि चहा-तंबाखूने तपकिरी होते. हिरडीखाली लपलेले गडद तपकिरी किंवा काळपट, अधिक चिवट आणि आरशात न दिसणारे असते. कीटण स्वतः दगडासारखे निर्जीव असले तरी त्याचा पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे त्यावर नवा जिवंत थर सहज बसतो, आणि हिरडीला खरा त्रास त्या नव्या थराचा होतो. ते किती टिकाऊ असते याची कल्पना यावी म्हणून सांगतो: हजारो वर्षांपूर्वीच्या मानवी सांगाड्यांच्या दातांवरचे कीटण खरवडून संशोधक त्या माणसांच्या आहाराचा आणि तोंडातल्या जंतूंचा माग काढतात.

सर्वच डाग कीटणाचे नसतात, हेही इथे नमूद केले पाहिजे. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त असते आणि लहानपणापासून ते पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी पट्टे उमटतात. ते दाताच्या कवचातच असतात. घासून किंवा खरवडून ते जात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर रोज जोर काढणे व्यर्थ आहे.

रोज काय आणि कसे करावे

ब्रश मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा घ्यावा. कडक ब्रशने अधिक स्वच्छता होते हा समज चुकीचा आहे. कडक केसांनी हिरडी मागे सरते आणि दाताच्या मुळाशी खाच पडते, जिथे पुढे थंड पाणी झोंबते. ब्रशचे केस अर्धे हिरडीवर आणि अर्धे दातावर येतील असे, हिरडीच्या दिशेने साधारण 45 अंशांत तिरके टेकवावेत. मग तिथल्या तिथे, दोन-तीन दातांपुरते, अगदी छोट्या हालचालींनी ब्रश थरथरवावा आणि नंतर हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवून पुढच्या दातांकडे सरकावे. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्सचे डॉक्टर चार्ल्स बास यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात ही पद्धत मांडली आणि आजही दंतवैद्य तीच शिकवतात, कारण थर जिथे बसतो ती हिरडीची कडाच या पद्धतीत घासली जाते. आपण लहानपणी शिकलेली आडवी, जोरदार खसाखसा घासण्याची रीत दातांचा फुगीर मधला भाग चकचकीत करते आणि कडा तशीच सोडते.

सुरुवात कुठून करावी याबद्दल माझा एक ठाम आग्रह आहे. जवळपास प्रत्येक जण समोरच्या, हसताना दिसणाऱ्या दातांपासून सुरुवात करतो, आणि खालच्या दातांच्या आतल्या बाजूपर्यंत पोहोचेपर्यंत त्याचा उत्साह व वेळ दोन्ही संपलेले असतात. क्रम उलटा करावा. पेस्ट ताजी आणि मन सावध असताना प्रथम खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू घ्यावी. इथे ब्रश आडवा मावत नाही, म्हणून तो उभा धरून त्याच्या टोकाने एकेक दात खालून वर घासावा. त्यानंतर वरच्या दाढांची गालाकडची बाजू घ्यावी. त्यासाठी तोंड मोठे न उघडता थोडे मिटावे, म्हणजे गाल सैल पडतो आणि ब्रश शेवटच्या दाढेपर्यंत जातो. दिसणारे दात शेवटी राहिले तरी ते कोणी विसरत नाही.

एकंदर दोन मिनिटे तरी लागली पाहिजेत, आणि दोन मिनिटे घड्याळ लावून पाहिल्याशिवाय ती किती लांब असतात हे कळत नाही. दिवसातून दोनदा घासावे. त्यातली एक वेळ झोपण्यापूर्वीची असावी, कारण झोपेत लाळ कमी होते आणि आम्ल धुऊन निघण्याची सोय राहत नाही. सकाळी उठल्याबरोबर दात घासायचे आणि रात्री जेवून, बडीशेप खाऊन तसेच झोपायचे, ही आपल्याकडची रूढ सवय आहे. सकाळचे घासणे सोडू नये, पण एखाद्या दिवशी एकाच वेळी नीट घासणे शक्य असेल तर ती वेळ रात्रीची असावी.

पेस्ट फ्लोराइडयुक्त असावी. मोठ्यांसाठी 1000 ते 1500 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत तितके भाग) फ्लोराइड असलेली पेस्ट योग्य ठरते आणि हा आकडा बहुधा नळीवर छापलेला असतो. जाहिरातीतल्याप्रमाणे ब्रशभर पेस्ट घेण्याची गरज नसते, मोठ्या माणसाला वाटाण्याएवढी पुरते. तीन वर्षांखालील बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट द्यावी व ती थुंकली जाते ना याकडे मोठ्यांनी लक्ष द्यावे. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावांत मुलांच्या पेस्टबाबत आधी दंतवैद्याला विचारावे. घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा, पण पाण्याने चुळांवर चुळा भरू नयेत. फ्लोराइड दातांवर काही वेळ राहिले तरच त्याचा उपयोग होतो. ‘टार्टर कंट्रोल’ असे लिहिलेल्या पेस्टमधील पायरोफॉस्फेट किंवा झिंकचे क्षार नवे कीटण बनण्याचा वेग काही अंशी कमी करतात, चढलेले कीटण मात्र त्या उतरवू शकत नाहीत.

आता फटींविषयी. प्रत्येक दाताला पाच बाजू असतात आणि त्यांपैकी शेजारच्या दातांना लागून असलेल्या दोन बाजूंपर्यंत ब्रश जातच नाही. दात एकमेकांना चिकटून असतील तर फ्लॉस, म्हणजे दातांसाठीचा खास धागा, वापरावा. हातभर धागा घेऊन तो दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळावा, मधे दोन-तीन सेंटिमीटर ताणून धरावा, करवतीसारखा मागे-पुढे करत दोन दातांमध्ये हलकेच उतरवावा आणि मग दाताला इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा वळसा देऊन वर-खाली सरकवावा. नंतर शेजारच्या दाताला तसाच वळसा द्यावा. झटका देऊन धागा हिरडीत घुसवू नये. वय वाढल्यामुळे किंवा हिरडी मागे गेल्यामुळे फटी रुंद झाल्या असतील तर बाटली धुण्याच्या ब्रशची छोटी प्रतिकृती वाटावी असे इंटरडेंटल ब्रश अधिक परिणामकारक ठरतात. सेफ्टी पिन, टाचणी किंवा आगकाडीने दात कोरणे कटाक्षाने टाळावे.

आपण खरोखर कुठे चुकतो हे पाहायचे असेल तर प्लाक रंगवणाऱ्या गोळ्या औषधांच्या दुकानात किंवा दंतवैद्याकडे मिळतात. घासून झाल्यावर गोळी चावून, लाळ तोंडात फिरवून थुंकावी. जिथे थर उरला आहे तिथे गुलाबी-लाल रंग धरतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांवर या रंगाचा जितका परिणाम होतो तितका आपल्या शंभर सूचनांचा होत नाही, असा माझा अनुभव आहे. हिरडीच्या कडेने उमटलेली लाल रेघ मूल आरशात स्वतः पाहते आणि ती जाईपर्यंत न सांगता घासत राहते.

औषधी माउथवॉशवर विसंबू नये. क्लोरहेक्सिडीन असलेला माउथवॉश जंतूंवर प्रभावी आहे, पण तो दंतवैद्याने सांगितलेल्या थोड्या दिवसांसाठीच वापरायचा असतो. अधिक काळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते आणि कीटण उलट अधिक चढू शकते.

राखुंडी, कोळसा आणि मिशरी

कडुनिंबाची किंवा बाभळीची कोवळी काडी चावून तिचा कुंचला करून दात घासणे ही जुनी पद्धत टाकाऊ नाही; काडीच्या तंतूंनी थर निघतो, फक्त दाढांच्या आतल्या बाजूंपर्यंत ती पोहोचत नाही. गोवऱ्यांच्या राखेची राखुंडी, कोळशाची पूड किंवा गेरू मिसळलेले लाल मंजन यांचे मात्र तसे नाही. त्यांतले खरखरीत कण दाताचे कवचच घासून काढतात. सुरुवातीला दात पांढरे दिसतात, पुढे कवच पातळ होऊन खालचा पिवळा भाग दिसू लागतो.

मिशरीबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. माझ्या लहानपणी गावाकडे दुपारची भांडी आवरली की एखाद्या घरातून तव्यावर तंबाखू भाजल्याचा उग्र वास येई, आणि काळी झालेली ती तंबाखू चुरून डबीत भरली जाई. आज्या, मावश्या, नव्याने सासरी आलेल्या सुना, सर्व जणी बोटाने ती दातांना लावून बसत. मिशरीने हिरड्या घट्ट होतात, हा विश्वास अजूनही अनेक घरांत आहे, आणि तो का टिकला असावा याचे एक कारण निकोटिनमध्येच आहे: निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजारी हिरडीतूनही रक्त कमी येते आणि हिरडी बरी असल्याचा भास होतो. आजार आत वाढत राहतो, इशारा तेवढा बंद पडतो. शिवाय मिशरी म्हणजे तंबाखूच असल्यामुळे तिचे व्यसन लागते, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि गरोदर स्त्रीच्या बाळाच्या वाढीलाही ती घातक असते. घरातल्या मोठ्या स्त्रीला ‘ते घाणेरडे सोड’ असे सुनावून काही साधत नाही. तिला आधी दंतवैद्याकडे नेऊन हिरड्या दाखवाव्यात, आणि व्यसन सोडण्यासाठी 1800-11-2356 या राष्ट्रीय क्विटलाइनवर विनामूल्य मदत मिळते हे तिला सांगावे.

चढलेले कीटण उतरवताना

लिंबू, व्हिनेगर, खाण्याचा सोडा यांनी घरच्या घरी टार्टर काढण्याच्या युक्त्या सर्वत्र फिरत असतात. कीटण आणि दाताचे कवच ही दोन्ही मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचीच बनलेली आहेत. म्हणून ज्या आम्लाने कीटण विरघळेल त्याने दातही विरघळेल. ऑनलाइन मिळणाऱ्या लोखंडी आकड्यांनी स्वतः खरवडणेही तितकेच धोक्याचे आहे, कारण हात सटकून हिरडी फाटते आणि हिरडीखालचे कीटण तसेच राहते.

कीटण काढण्याचा मार्ग दंतवैद्याकडील स्केलिंग हाच आहे. अल्ट्रासोनिक यंत्राचे टोक सेकंदाला हजारो वेळा कंप पावते, त्या कंपाने कीटणाचे कपचे सुटतात आणि सोबतच्या पाण्याच्या फवाऱ्याने वाहून जातात. ‘दात साफ केले की हलायला लागतात’ ही भीती मी इतक्यांकडून ऐकली आहे की तिचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे. हाड झिजलेले असते तेव्हा दातांना वर्षानुवर्षांच्या कीटणाचा आधार मिळालेला असतो, एखाद्या पडक्या भिंतीला मातीचा ढीग टेकलेला असावा तसा. कीटण निघाल्यावर आधीपासूनच असलेला सैलपणा आणि त्याने भरून टाकलेल्या फटी जाणवू लागतात. ते नुकसान स्केलिंगने केलेले नसते, आणि स्केलिंग टाळल्याने ते वाढतच जाते.

किती दिवसांनी जावे, याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. सहा महिने हा सामान्य अंदाज आहे. कीटण झपाट्याने चढणाऱ्यांना तीन-चार महिन्यांनीही जावे लागते, तर काहींना वर्षातून एकदा पुरते. मधुमेही व्यक्तींनी चालढकल करू नये: साखर अनियंत्रित असली की हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांतली सूज साखर ताब्यात येऊ देत नाही. गरोदरपणात हिरड्या सहज सुजतात, त्यामुळे त्या काळात तपासणी टाळू नये. फिट्ससाठीचे फेनिटॉइन किंवा रक्तदाबासाठीचे अॅम्लोडिपिन अशी औषधे घेणाऱ्यांच्या हिरड्या फुगू शकतात. औषध स्वतःहून बंद न करता ते देणारे डॉक्टर आणि दंतवैद्य या दोघांनाही सांगावे. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आणि गोव्यातील बांबोळीचे दंत महाविद्यालय इथे कमी खर्चात उपचार होतात.

स्केलिंगनंतर दोन-चार दिवस थंड-गरम झोंबते आणि हिरडी थोडी दुखरी असते. या दिवसांत बरेच जण ब्रश बाजूला ठेवतात, आणि नेमकी तीच चूक होते, कारण स्वच्छ झालेल्या दातांवर नवा थर त्याच दिवशी बसू लागलेला असतो. म्हणून स्केलिंग झालेल्या रात्रीच, कोमट पाणी आणि नवा मऊ ब्रश घेऊन, खालच्या दातांच्या आतल्या बाजूपासून सुरुवात करावी.